पिंपावरची आरोळी

मोन्सच्या घशातून वाटाण्याएवढी गाठ काढली, ती बाटलीत घालून त्याला दाखवली आणि बर्गेनच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले, "पहिला बर्फ पडेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ओरडण्याचं तर नावच काढायचं नाही. आता ओरडलं तर आवाज जाईल, आणि गेलेला आवाज परत यायचा नाही."

मोन्सने मान डोलावली. सत्तरी उलटलेला माणूस, बोलायचे ते बरेचसे बोलून झाले होते. त्याची बायको गुद्रून शेजारीच बसून ऐकत होती. ती मुळातच कमी बोलणारी. तिला ही शिक्षा काही मोठीशी वाटली नाही.

घरी परतताना गाडी गुद्रून चालवत होती. लांब बोगदा संपला, खाली नदी दिसू लागली, आणि मोन्सने एकदम स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"काय रे? दवाखान्यात काही विसरलं का?"

मोन्सने मुठीचा लोटा केला, तो हवेत कलंडवला आणि मग पडजीभ दिसेपर्यंत आ वासला.

गुद्रूनने गाडी हळू केली. "आरोळी," ती म्हणाली. "हर्डिसच्या लग्नाची बिअर."

हर्डिस ही त्यांची नात. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिचे लग्न होते, आणि खाली दरीत नोव्हेंबरच्या आधी बर्फ कधी पडत नाही.

त्या दरीत बिअर ज्याची त्याच्या घरी होते. विकतची बिअर पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे आता ऊठ असे त्याला तोंडावर सांगणे. नाताळ असो, लग्न असो की मयत, घराच्या मागे चुलाणघर असते, तिथे तांब्याच्या मोठ्या हंड्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, काढा उकळतो आणि त्या धुराचा वास नदीपलीकडे जातो. काढा निवून कोमट दुधासारखा झाला की पिंपात घरचे विरजण, म्हणजे आधीच्या बिअरचे राखून ठेवलेले यीस्ट, घालायचे. आणि विरजण घालताना, ते पिंपात पडत असतानाच, आरोळी ठोकायची. लहानसहान नव्हे. पलीकडच्या माणसाने हातातले काम थांबवून "घातलं वाटतं" असे म्हटले पाहिजे. जशी आरोळी तशी बिअर चढते. एकाने ऐन वेळी जांभई दिली, तर त्याच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड मिरवणुकीआधीच बाकांवर घोरत पडले होते. ही गोष्ट हसत सांगतात, पण पिंपाशी उभे राहिल्यावर कोणी हसत नाही.

आणखी एक गोष्ट होती. ज्याची आरोळी, त्याची बिअर. माल्ट कोणाचे, लाकूडफाटा कोणाचा, हे कोणी विचारत नाही. वाडगा हातात घेतल्यावर लोक एवढेच विचारतात, आरोळी कोणाची? आणि ती घरच्याच माणसाची असावी लागते. मोन्सच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला मोन्सची आरोळी होती. त्याच्या मुलीच्या लग्नातली आरोळी ऐकून पलीकडच्या डोंगरावरची मेंढरे खाली उतरली होती, असे तो स्वतः सांगत असे. आता सांगणेही बंद झाले होते.

बोलता येत नाही म्हटल्यावर मोन्सने चुलाणघरातली लाकडी पळी जवळ बाळगायला सुरुवात केली. टेबलावर एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तीन टोल्यांचा अर्थ गुद्रूनने त्याला विचारला नाही. कोणाचे बोलणे चालू असताना ते पडतात हे पाहून तिला तो आपोआप कळला.

पहिले तीन टोले पडले ते हाल्वरच्या वाट्याला. हाल्वर नदीपलीकडचा शेजारी. दोघे एका बाकावर शिकले, एकाच वर्षी आपापली लग्ने केली, आणि तेव्हापासून कोणाची बिअर चांगली यावर भांडत आले. हाल्वरने दारातूनच सुरुवात केली.

"मोन्स! गाव म्हणतंय, देवाने शेवटी आमचं गाऱ्हाणं ऐकलं. मी म्हटलं, असं बोलू नये, शेजारी आहे आपला." तो खुर्ची ओढून बसला. "लग्नाची काळजी करू नकोस. बिअर मी करतो."

दोन टोले.

"बरं, बिअर तू कर. आरोळी मी देतो. घरचाच आहे मी, मधे एक पूल तर आहे. फक्त लग्नात पहिला वाडगा उचलताना सांगायचं, आरोळी हाल्वरची. एवढंच."

तीन टोले. टेबलावरचा कप उडाला.

"तीन म्हणजे काय गं, गुद्रून?"

"तीन म्हणजे आभार," गुद्रून म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

हाल्वर समाधानाने कॉफी प्यायला आणि जाताना म्हणाला, "विचार कर. तुझं ते विरजण तरी कोणाचं? माझ्या आज्याने तुझ्या आज्याला लोटाभर दिलं म्हणून आज आहे."

हे साफ खोटे होते. विरजण मोन्सच्या आज्याकडून हाल्वरच्या आज्याकडे गेले होते, हाल्वरच्या घरचे नासले तेव्हा. मोन्सला यावर निदान पाच मिनिटे बोलायचे होते. पळीने ते जमण्यासारखे नव्हते.

शनिवारी हर्डिस आली, आणि तिच्याबरोबर होणारा नवरा एस्पेन. पोरगा बर्गेनचा. तिथे एका लहानशा बिअरच्या कारखान्यात कामाला होता, जिथे बिअरमध्ये कॉफी घालतात, समुद्राचे मीठ घालतात, एकदा तर म्हणे भाजलेले बीट घातले होते आणि डब्यावर चष्मा लावलेल्या माशाचे चित्र. पण मोन्सच्या बिअरचा पहिला घोट घेतल्यापासून तो ह्या घराचा भक्त झाला होता. मोन्सचे विरजण त्याने हुंगले आणि विचारले, "ह्यात संत्र्याची साल घालता का?"

दोन टोले, जरा रागाचे.

"विरजणालाच तसा वास आहे," हर्डिस म्हणाली. "आजोबाला असं विचारू नको. तो साल घालेल का?" मग तिने आजोबाचा हात धरला. "हे बघ आजोबा, मला काही मोठं लग्न नको, गाड्या नकोत. पण तुझी बिअर पाहिजे. मी लहान होते तेव्हाच तू कबूल केलं होतंस. आणि आरोळीचं मी बघितलंय." तिने फोन काढला. "मागच्या नाताळची तुझी आरोळी आहे ह्यात. मोठा स्पीकर आणते, पिंपावर धरते."

फोनमधून मोन्सचा आवाज आला. मोन्सला आपला आवाज ऐकून बरे वाटले, आणि लगेच वाईटही. त्याने पळी उचलली, जरा वेळ तशीच धरून ठेवली आणि दोन टोले हळूच मारले.

"का रे?"

"शिळी आहे ती," खिडकीशी मटार सोलणारी गुद्रून म्हणाली. "ती आरोळी मागच्या बिअरला देऊन झाली."

एक टोला. बायकोला आपल्या मनातले नेमके कसे कळते, याचे मोन्सला अधूनमधून नवल वाटे. पण ते नवल पुढे कुठे नेण्याची त्याला सवय नव्हती.

मग ठरले की आरोळी एस्पेन देणार. मोन्सने त्याला मेंढ्यांच्या वाड्याशी नेले आणि खुणेने सांगितले, ओरड. एस्पेन सज्जन माणूस. त्याने आधी मेंढ्यांची माफी मागितल्यासारखे पाहिले, मग ओरडला. एका मेंढीने कान हलवला, पण तो माशीमुळे असेल. मोन्सने त्याच्या पोटावर हात ठेवून दाखवले, आवाज इथून. एस्पेनने पुन्हा ओरडून पाहिले. पूल ओलांडून वाड्याच्या कुंपणाशी आलेल्या हाल्वरचे हसणे मात्र स्पष्ट ऐकू आले.

"अरे, चर्चमध्ये 'हो' म्हणशील ते तरी पोरीला ऐकू जाईल ना?" हाल्वर ओरडला. "शिवाय तू अजून अर्धाच घरचा आहेस. अर्ध्या जावयाची अर्धी आरोळी. ती पिऊन लोक उभ्या उभ्या चहाच्या गप्पा मारतील."

मोन्सने कुंपणाच्या खांबावर तीन टोले मारले.

"आभार कसले त्यात!" हाल्वर म्हणाला.

बिअर घालायचा दिवस उजाडला. मोन्सने पहाटेच चूल पेटवली. आदल्या दिवशी तोडून आणलेल्या जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या हंड्यात उकळल्या, ते हिरवट पाणी माल्टवर ओतले, पिंपाच्या तळाशी फांद्यांचे अंथरूण घालून त्यातून गोड काढा गाळला. हे सगळे बोलण्याशिवाय होणारे काम. एस्पेन लाकडे आणत होता, पाणी वाहत होता आणि डोळे पुसत होता, कारण चुलाणघराला धुराडे नावालाच होते. काढा पुन्हा हंड्यात घालून दुपारपर्यंत उकळला. मधाचा होता तो रंग हळूहळू गुळाचा झाला. मोन्सने त्यात हॉप्सच्या कडवट फुलांची पुरचुंडी सोडली. विरजण सकाळीच लोट्यात थोड्या काढ्यात जागवून ठेवले होते. ते फसफसत काठापर्यंत आले होते. कडक होणार होती ही बिअर. मोन्सने माल्ट हात राखून घातलेच नव्हते.

दिवस कलला तेव्हा काढा पिंपात निवत होता. मोन्स पुन्हा पुन्हा कोपर बुडवून पाहत होता. हर्डिस आली, तिच्यामागे तास नावाचा कुत्रा आला. गुद्रून भाकरी आणि लोण्याची टोपली घेऊन दारात उभी राहिली. विरजण घालताना ती नेहमी दारातच उभी राहायची. आत ये असे तिला कोणी म्हटले नव्हते, नको असेही म्हटले नव्हते.

मोन्सने कोपर बाहेर काढले आणि मान हलवली. झाला. आता थांबता येणार नव्हते. फार निवला तर विरजण आळसावते, आणि आळसावलेल्या विरजणाला कोणाचीच आरोळी उठवू शकत नाही. त्याने लोटा उचलला आणि एस्पेनकडे पाहिले.

एस्पेनने छाती भरून श्वास घेतला. छातीत हवा गेली, पण निम्मा धूरच गेला. आरोळीऐवजी बाहेर पडला तो खोकला. तो वाकला, भिंतीला धरून खोकत राहिला. तास घाबरून भुंकू लागला.

"पुन्हा घे! एस्पेन, पुन्हा!" हर्डिस ओरडली, पण हसू येऊन तिचाही आवाज फुटला. "मी ओरडू का? आजोबा, मी?" आणि तिला आणखीच हसू येऊ लागले. हसत घातलेल्या बिअरने भांडणे होतात, हे तिलाही माहीत होते. म्हणून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

मोन्सने लोटा पिंपावर धरलाच होता. त्याने एकदा एस्पेनकडे पाहिले, एकदा काढ्याकडे. त्यावरची वाफ विरळ होत चालली होती. पलीकडे हाल्वर दारात उभा राहून कान देत असणार, हे त्याला न पाहता दिसत होते. उद्या तो आपले पिंप घेऊन येईल. लग्नात पहिला वाडगा उचलतील, आणि नाव हाल्वरचे घेतील. हर्डिस काही बोलणार नाही, हसून पिईल, आणि ते जास्त वाईट.

आवाज काय, त्याने मनात म्हटले. सत्तर वर्षे वापरला. आणि त्याने नाकाने सावकाश श्वास घ्यायला सुरुवात केली. त्याची छाती वर आली, खांदे मागे गेले, मान ताठ झाली.

गुद्रूनला ही छाती ओळखीची होती. चाळीस वर्षांहून जास्त काळ तिने ती दारातून पाहिली होती, आणि तिच्यानंतर काय येते हेही तिला पक्के ठाऊक होते. टोपली तिच्या हातून सुटली. भाकऱ्या उंबऱ्यावर घरंगळल्या.

आणि ती ओरडली.

तिला ओरडणे एकच येत होते. मुलगी असताना उन्हाळाभर ती वरच्या माळावर गाई राखायची, आणि संध्याकाळी त्यांना हाक द्यायची. ती हाक खालून सुरू व्हायची, वर चढायची, कड्याला लागून वळायची आणि दुसऱ्या डोंगरावर उतरायची. घरच्या गाई विकल्यापासून तिने ती कधी दिली नव्हती. आता ती चुलाणघरात दिली. छपरावरची काजळी झरझर खाली आली. तास टेबलाखाली गेला. एस्पेनचा खोकला जागच्या जागी थांबला.

मोन्सच्या छातीतली हवा तशीच राहिली, पण हात कामाला लागला. हाक चढत असतानाच त्याने लोटा कलंडवला आणि विरजण शेवटच्या थेंबापर्यंत पिंपात घातले.

मग शांत झाले. गुद्रूनने पदरासारखा एप्रन तोंडावर घेतला, लाजल्यासारखा.

"आजी," हर्डिस म्हणाली, "हे तुला येतं?"

"येतं की."

"मग आम्ही महिनाभर काय करत होतो? बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं का?" गुद्रून खाली वाकून भाकऱ्या वेचू लागली. "मोठमोठ्या आवाजाची माणसं शोधत होता तुम्ही. म्हटलं, शोधू दे."

मोन्सने पळी उचलली. पण एक टोला, दोन की तीन, यात तो अडकला. तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. मग आणखी एक. मग पुलाच्या फळ्यांवर खुरांचा धडधडाट झाला, आणि चुलाणघराच्या दारात एका म्हाताऱ्या तांबड्या गाईने तोंड घातले. तिच्या मागे हाल्वरचा सगळा कळप होता, आणि कळपाच्या मागे धापा टाकत हाल्वर.

"कुंपण मोडलं!" तो ओरडत होता. "माझं कुंपण मोडलं! जन्मभर बादली बडवून बोलावतोय ह्यांना, कधी पळत आल्या नाहीत! कोण ओरडलं? कोण ओरडलं ते?"

गुद्रूनने म्हाताऱ्या गाईच्या कपाळावर हात ठेवला. "ही दाग्रोसची ना?"

"दाग्रोसच्या मुलीची मुलगी." हाल्वरचा आवाज एकदम खाली आला. दाग्रोस गुद्रूनची गाय होती. मोन्सने कळप विकला तेव्हा हाल्वरच तिला पुलावरून घेऊन गेला होता, आणि गुद्रून तेव्हा अंगणात पाठ करून उभी होती, हे त्याने पाहिले होते. मोन्सने पाहिले नव्हते. तो मेंढ्यांचा हिशोब जुळवत होता.

मोन्सने उंबऱ्यावरची एक भाकरी उचलली, झटकली आणि गाईला दिली.

तिसऱ्या दिवसापर्यंत पिंप इतके गुरगुरत होते की तास कुत्रा चुलाणघराकडे फिरकला नाही. बिअर निवळली तशी शेजारपाजारचे चाखायला आले. तसा रिवाजच आहे, बोलवावे लागत नाही. हाल्वर सगळ्यांच्या आधी आला. ह्या दरीत कोणी बिअरची स्तुती करत नाही. "पिता येईल" म्हटले की पुष्कळ झाले, आणि "पिता येईल बरं का" म्हटले तर माणूस आठवडाभर तेवढ्यावर जगतो.

हाल्वरने लाकडी वाडगा दोन हातांत धरला. हुंगला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला. मग वाडगा रिकामा केला आणि पुढे धरला. दुसरा रिकामा केल्यावर त्याने उठायचा प्रयत्न केला, आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. तो पुन्हा बाकावर बसला आणि आपल्या गुडघ्यांकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहू लागला.

"पिता येईल," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बरं का."

बाकावरचे शेजारी पुढे सरकले.

"आता रीतीने विचारतो," हाल्वर म्हणाला. "आरोळी कोणाची?"

सगळ्यांनी मोन्सकडे पाहिले. ह्या प्रश्नाला गेली कित्येक वर्षे एकच उत्तर होते, आणि ते देताना मोन्स आपली छाती ठोकायचा. आज त्याने पळी उचलली आणि दाराकडे रोखली. गुद्रून तिथेच उभी होती, उंबऱ्याबाहेर. मोन्स उठला, तिचा हात धरून तिला आत आणली, पिंपाशी आपल्या जागेवर बसवली आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला. तिथून आतले सगळे दिसत होते. धूर मात्र थेट तोंडावर येत होता.

"गुद्रूनची बिअर," हाल्वर म्हणाला आणि वाडगा वर केला.

"गुद्रूनची बिअर!" सगळे म्हणाले.

लग्नात पहिला वाडगा उचलताना हेच नाव घेतले गेले. एस्पेनने चर्चमध्ये 'हो' असे म्हटले की मागच्या बाकावरची म्हातारी दचकली. त्याने गुद्रूनकडून शिकवणी घेतली होती. रात्री वऱ्हाडातला एकही माणूस आपल्या पायांनी पुलापर्यंत गेला नाही. आणि हाल्वरच्या कळपातली ती म्हातारी गाय मांडवाच्या दाराशी दोनदा येऊन गेली.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी बर्फ पडला. ही बातमी नदीपलीकडेही गेली असावी, कारण हाल्वर न्याहारीआधीच हजर झाला. इतक्या आठवड्यांनी मोन्सचा पहिला शब्द काय असेल याची त्याला उत्सुकता होती, आणि थोडी भीतीही. विरजणाचे उत्तर बाकी होते.

मोन्स खिडकीशी उभा होता. विरजणाबद्दलचे ते पाच मिनिटांचे भाषण त्याने मनात इतक्या वेळा घोटले होते की एव्हाना ते पाऊण तासाचे झाले होते. त्याने घसा साफ केला. हाल्वर खुर्चीत सावरून बसला.

पण मोन्स वळला तो चुलीकडे. आवाज बारीक होता, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"गुद्रून," तो म्हणाला, "नाताळची बिअर कधी घालूया? तू सांग."

गुद्रूनने कॉफीचे भांडे खाली ठेवले.

"विचारलंस एकदाचं," ती म्हणाली.

"दिवस ठरला की मला आधी सांगा," हाल्वर म्हणाला. "गोठ्याच्या दाराला अडसर घालून ठेवतो."

मोन्सने पळी उचलली आणि टेबलावर तीन टोले मारले. सवय इतक्यात सुटणार नव्हती.